अपडेट अडतंय? पडद्याआड चालणाऱ्या प्रोग्रामांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाडा, वागळे इस्टेट आणि खाडीपलीकडे ऐरोलीपासून वाशीपर्यंतच्या छोट्या ऑफिसांचे आणि घरांचे कंप्युटर मी सांभाळते. जीएसटीच्या तारखा जवळ आल्या की फोनवर एकच तक्रार वाढते: "अपडेट मागतोय, पण होतच नाहीये." दहातल्या सात-आठ वेळा इंटरनेट ठीक असतं, डिस्कवर जागाही असते. जो प्रोग्राम बंद केलाय असं आपण समजतो, तो आत कुठेतरी चालूच असतो. लोकांनी मला पाठवलेले प्रश्न इथे त्यांच्याच शब्दांत एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं विंडोज १० आणि ११ साठी आहेत. मॅक आणि लिनक्सवाल्यांनी थेट प्रश्न १९ कडे जावं.

१. अपडेट अडतं म्हणजे नेमकं काय अडतं?

प्रोग्राम चालू असताना त्याची मुख्य फाइल आणि तिला लागणाऱ्या डीएलएल फाइली (प्रोग्रामचं काही काम करणाऱ्या जोडफाइली) विंडोज धरून ठेवतं. त्या फाइली कुणाला पुसू देत नाही, त्यांच्यावर नवीन काही लिहूही देत नाही. आणि अपडेट म्हणजे शेवटी जुन्या फाइली काढून त्यांच्या जागी नव्या ठेवणं. घरात माणसं वावरत असताना फरशी उखडता येत नाही, तसंच हे. माणसं बाहेर पडली की काम पाच मिनिटांचं असतं. म्हणून पहिला प्रश्न "अपडेट का होत नाही" हा नाही, "आत कोण आहे" हा आहे.

२. मी तर फुलीवर क्लिक करून प्रोग्राम बंद केला होता. मग तो चालू कसा?

फुलीने खिडकी बंद होते. प्रोग्राम बंद होईलच असं नाही. मेसेजिंगचे, मीटिंगचे, फाइली क्लाउडवर चढवणारे बरेच प्रोग्राम फुली दाबल्यावर खाली घड्याळाजवळ जाऊन बसतात, म्हणजे मेसेज आला की लगेच सांगता येतं. टास्कबारवर उजवीकडे वर तोंड केलेला छोटा बाण असतो, त्यावर क्लिक करा. तिथे दिसणाऱ्या चिन्हावर राइट क्लिक करून 'क्विट' किंवा 'एक्झिट' निवडा. निम्म्या लोकांचं काम इथेच होतं.

ब्राउझरचंही असंच आहे. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'सिस्टीम' या भागात, क्रोम बंद केल्यावरही मागची ॲप्स चालू ठेवायची की नाही, याचं एक बटण असतं. एजमध्ये 'स्टार्टअप बूस्ट' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर एजच्या काही प्रोसेस (प्रोग्रामचे चालू असलेले भाग) खिडकी नसतानाही तयार राहतात.

३. बाणाखाली काहीच दिसत नाही. आता कुठे शोधू?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. पहिल्या पानावर ढोबळ यादी असते. खरं काम 'डिटेल्स' या पानावर होतं. तिथे नावाच्या स्तंभावर क्लिक केलं की यादी अकारविल्हे लागते आणि एकाच नावाच्या चार-पाच प्रोसेस असतील तर त्या एकाखाली एक दिसतात. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत वर शोधायची पट्टीही आहे.

एक सवय नक्की लावून घ्या. 'डिटेल्स'मध्ये स्तंभांच्या शीर्षकावर राइट क्लिक करा, 'सिलेक्ट कॉलम्स' निवडा आणि 'कमांड लाइन'वर टिक करा. आता प्रत्येक प्रोसेस कोणत्या फोल्डरमधून आणि कशासाठी चालू झाली ते पूर्ण वाचता येतं. जावा (बरेच प्रोग्राम ज्याच्या आधाराने चालतात ते सॉफ्टवेअर) किंवा तसल्या सामायिक नावाखाली चालणारे प्रोग्राम ओळखायचा मला तरी याहून सोपा मार्ग माहीत नाही. प्रश्न १२ मध्ये याचीच गरज पडणार आहे.

४. यादीत दीडशे नावं आहेत. माझी फाइल नेमकी कोणी धरलीय हे कसं कळेल?

तीन मार्ग आहेत. आपल्याला झेपेल तो घ्या.

पहिला विंडोजमध्येच असतो: रिसोर्स मॉनिटर. स्टार्टमध्ये हेच नाव शोधून उघडा, 'सीपीयू' पानावर जा. तिथे 'असोसिएटेड हँडल्स' असा भाग आहे, त्याच्या शोधपट्टीत फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावाचा तुकडा लिहा. ती फाइल उघडून बसलेल्या प्रोसेसची नावं खाली येतात.

दुसरा मला सगळ्यांत आवडतो. मायक्रोसॉफ्टचा 'पॉवरटॉइज' हा मोफत संच बसवला की त्यात 'फाइल लॉकस्मिथ' मिळतं. हे २०२२ मध्ये त्यात आलं. अडलेल्या फोल्डरवर राइट क्लिक करून ते निवडायचं. कोण आत आहे ते समोर येतं आणि तिथूनच त्याला बंदही करता येतं. ज्यांना टास्क मॅनेजरची भीती वाटते, त्यांच्या कंप्युटरवर मी हे आवर्जून बसवून ठेवते.

तिसरा 'प्रोसेस एक्सप्लोरर'. सिसइंटर्नल्सच्या संचातलं हे जुनं आणि भरवशाचं साधन. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांची ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये घेतली. यात कंट्रोल आणि एफ दाबून डीएलएलचं नाव शोधलं, की ती फाइल कोणकोणत्या प्रोग्रामांत शिरली आहे ते दिसतं. डीएलएल अडली असेल तर रिसोर्स मॉनिटरपेक्षा हेच बरं.

५. 'एंड टास्क' दाबलं तर काही बिघडणार नाही ना?

बिघडू शकतं, म्हणून क्रम पाळा. आधी प्रोग्राममध्ये जाऊन काम सेव्ह करा आणि त्याच्याच मेनूतून बाहेर पडा. ते जमलं नाही तर घड्याळाजवळून 'क्विट'. तेही नाही जमलं तरच टास्क मॅनेजरमध्ये तो प्रोग्राम निवडून 'एंड टास्क'. जबरदस्तीने बंद केलेल्या प्रोग्रामला आपली अर्धवट नोंद पूर्ण करायची संधी मिळत नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर, दवाखान्याच्या नोंदी, डेटाबेसवर चालणारं काहीही असेल तर बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका.

विंडोजच्या स्वतःच्या प्रोसेस कधीच बंद करू नका. सीएसआरएसएस, विनइनिट, एलएसएएसएस अशी नावं दिसली तर सोडून द्या. त्यांना मारलं तर निळा पडदा येतो किंवा मशीन रीस्टार्ट होतं. आणि अपडेट करणारा प्रोग्राम, म्हणजे नावात 'सेटअप', 'अपडेटर' किंवा 'एमएसआयएग्झेक' असलेला, फाइली लिहीत असताना त्यालाच बंद करू नका. तो हँग झालाय असं वाटलं तर टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या ओळीत डिस्कचा आकडा पाहा. आकडा हलतोय म्हणजे काम चालू आहे. जुन्या हार्ड डिस्कवर वीस मिनिटंसुद्धा लागतात.

६. एंड टास्क केलं तरी दोन सेकंदांत तो परत येतो. का?

कारण त्याला उठवणारा दुसरा कोणीतरी आहे. बहुधा तो प्रोग्राम सर्व्हिस म्हणून, म्हणजे विंडोजच्या देखरेखीखाली पडद्याआड चालणारा, असा बसवलेला असतो. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून उघडा, त्या प्रोग्रामचं नाव असलेली सर्व्हिस शोधा आणि 'स्टॉप' करा. तिच्या 'रिकव्हरी' पानावर "बंद पडली तर पुन्हा चालू कर" असं लिहिलेलं असतं. मारल्यावर ती उठते ती यामुळे. रीतसर 'स्टॉप' केलं तर उठत नाही.

काही प्रोग्राम जोडीने चालतात. एक पडला की दुसरा त्याला उभा करतो. अशा वेळी 'डिटेल्स'मध्ये मुख्य प्रोसेसवर राइट क्लिक करून 'एंड प्रोसेस ट्री' निवडा, म्हणजे तिने सुरू केलेल्या सगळ्या एकदम जातात. तरीही परत आला तर 'टास्क शेड्युलर'मध्ये पाहा. दर काही मिनिटांनी चालणारी एखादी नोंद तिथे सापडते. अपडेट झाल्यावर बंद केलेली सर्व्हिस पुन्हा 'स्टार्ट' करायला विसरू नका.

७. 'अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर' असं विचारतोय. कोणतं दाबू?

'रिट्राय'. पण ते दाबण्याआधी वरच्या प्रश्नांप्रमाणे फाइल धरून बसलेला प्रोग्राम बंद करा. तोपर्यंत ती खिडकी तशीच उघडी ठेवा, ती कितीही वेळ थांबते. प्रोग्राम सापडलाच नाही तर 'अबॉर्ट', रीस्टार्ट, आणि पुन्हा सुरुवात. 'इग्नोर' दाबू नका. हे उत्तर मी थोडं लांबवणार आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान मी या एका बटणाने झालेलं पाहिलंय.

नौपाड्यात एका छोट्या ऑफिसात १९ तारखेच्या संध्याकाळी मला बोलावलं. तिथल्या मुलीने बिलिंगचं अपडेट चालवलं होतं. मध्ये तीनदा हा प्रश्न आला, तिन्ही वेळा तिने 'इग्नोर' दाबलं. शेवटी 'पूर्ण झालं' असा संदेश आला, म्हणून ती निश्चिंत झाली. प्रोग्राम उघडत होता, नोंदीही होत होत्या. पण बिल छापायला गेलं की एक चौकट यायची: अमुक डीएलएलमध्ये 'प्रोसिजर एंट्री पॉइंट' सापडत नाही. फोल्डर उघडून फाइलींच्या तारखा पाहिल्या. जवळजवळ सगळ्या फाइलींवर त्या दिवसाची तारीख होती आणि नेमक्या तीन फाइलींवर आधीच्या वर्षीची. छपाईची खिडकी मागे उघडी राहिली होती, तिने त्या तीन फाइली धरल्या होत्या. नवा मुख्य प्रोग्राम त्या जुन्या फाइलींकडे असं काम मागत होता जे त्यांना येतच नव्हतं.

त्या मुलीची चूक नव्हती. 'इग्नोर' या शब्दावरून, ही फाइल सोडून दिली जाईल आणि अर्धी जुनी, अर्धी नवी अशी सरमिसळ तयार होईल, हे कुणाला कळणार?

काही इन्स्टॉलर वेगळी चौकट दाखवतात: "प्रोग्राम आपोआप बंद करून पुन्हा सुरू करू, की बंद न करता रीस्टार्ट मागू?" काम सेव्ह केलेलं असेल तर पहिला पर्याय घ्या. ही सोय विंडोजमधल्या 'रीस्टार्ट मॅनेजर'ची आहे, व्हिस्टापासून ती सोबत आहे. दुसरा पर्यायही सुरक्षित आहे, फक्त रीस्टार्ट खरोखर करावा लागतो.

८. ताई, मी आधीच 'इग्नोर' दाबून बसलेय. आता काय?

घाबरू नका, डेटा बहुधा शाबूत असतो. आधी डेटाच्या फोल्डरची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. मग रीस्टार्ट करा आणि दुसरं काहीही उघडण्याआधी तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवा. 'सेटिंग्ज'मधल्या ॲप्सच्या यादीत काही प्रोग्रामांना 'मॉडिफाय' किंवा 'रिपेअर' असतं, तेही चालेल. अनइन्स्टॉल हा शेवटचा उपाय. काही प्रोग्राम जाताना डेटाही घेऊन जातात, म्हणून प्रत आधी.

९. मी रोज रात्री कंप्युटर बंद करतो, तरी अपडेट 'रीस्टार्ट करा' म्हणतं. बंद-चालू म्हणजे रीस्टार्टच ना?

विंडोज ८ पासून नाही. २०१२ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' आलं. ते चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर्स आहेत त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवले जातात. सकाळी तेच परत उचललं जातं, म्हणून मशीन पटकन उठतं. पण अडलेल्या फाइली "पुढच्या वेळी सुरू होताना बदल" अशी जी नोंद इन्स्टॉलरने करून ठेवलेली असते, ती अशा अर्ध्या झोपेतून उठल्यावर पाहिलीच जात नाही. ती पाहिली जाते खऱ्या 'रीस्टार्ट'मध्येच.

वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपच्या मालकांना हे पटेना. "मॅडम, रात्री मी स्वतः बंद करून जातो." त्यांच्याच मशीनवर टास्क मॅनेजर उघडला, 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयू निवडला आणि खाली 'अप टाइम' दाखवला. पहिला आकडा दिवसांचा असतो. तिथे ४१ होता. ते खरंच रोज बंद करत होते, आणि मशीन खरंच ४१ दिवस नीट सुरू झालेलं नव्हतं. 'रीस्टार्ट' केलं. महिनाभर रडणारं अपडेट पहिल्या फटक्यात झालं.

तेव्हा अपडेटसाठी नेहमी 'रीस्टार्ट' निवडा. किंवा शिफ्ट दाबून ठेवून 'शट डाउन'वर क्लिक करा, ते पूर्ण शट डाउन असतं. फास्ट स्टार्टअप कायमचं काढायचं असेल तर कंट्रोल पॅनलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये, पॉवरचं बटण काय करेल ते ठरवण्याच्या पानावर त्याची टिक आहे. एसएसडी (वेगवान डिस्क) असलेल्या मशीनवर मी ती काढून टाकते. सकाळी काही सेकंद जास्त लागतात, एवढंच. लॅपटॉपचं झाकण लावणं हे तर शट डाउनही नव्हे.

१०. एरर कोड येतो. त्याचा अर्थ काय?

नेहमी दिसणारे एवढेच. ३२ म्हणजे फाइल दुसऱ्या प्रोसेसच्या ताब्यात आहे. हाच आपला विषय. ५ म्हणजे परवानगी नाही. इन्स्टॉलरवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून पाहा. पण चालू प्रोग्रामची फाइल पुसायला गेल्यावरही कधी ५ च येतो, म्हणून प्रश्न ३ विसरू नका. १६१८ म्हणजे दुसरं एखादं इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे. दहा मिनिटं थांबा, नाहीतर रीस्टार्ट. १६०३ हा ढोबळ 'घातक चूक' कोड आहे, त्यावरून एकट्याने काही कळत नाही. आणि ३०१० पाहून पुष्कळ लोक उगाच घाबरतात. त्याचा अर्थ काम झालं, फक्त रीस्टार्ट बाकी आहे.

११. एक्सेल उघडलेलंच नाही, तरी 'आधी एक्सेल बंद करा' म्हणतो.

उघडलेलं आहे, फक्त त्याला खिडकी नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून 'एक्सेलमध्ये पाठवा' केलं की ते सॉफ्टवेअर पडद्याआड एक्सेल सुरू करतं, रकाने भरतं आणि बाहेर पडतं. मध्येच चूक झाली किंवा तुम्ही घाईने खिडकी बंद केली, तर ते अदृश्य एक्सेल तसंच राहतं. कोपरखैरण्याच्या एका ऑफिसात अशी नऊ एक्सेल एकाखाली एक रांगेत बसलेली मी मोजली आहेत.

दिसणारी सगळी एक्सेल सेव्ह करून बंद करा. मग 'डिटेल्स'मध्ये एक्सेलच्या नावाने जे उरेल ते बंद करा. वर्ड आणि आउटलुकलाही हेच लागू. पण 'ऑफिस क्लिक टू रन' असं नाव दिसलं तर त्याला हात लावू नका, ऑफिसचं अपडेट तोच करतो.

१२. जीएसटीच्या सहीचं साधन अपडेट होत नाही. डीएससीचा (डिजिटल सहीचा) टोकन काढला तरी फरक नाही.

टोकन म्हणजे पेनड्राइव्हसारखी सहीची किल्ली. तो काढल्याने फक्त किल्ली निघते. दाराशी बसलेला प्रोग्राम तिथेच असतो. सही करायला साधारण दोन गोष्टी पडद्याआड चालतात. एक टोकनचा ड्रायव्हर आणि त्याचा प्रोग्राम. दुसरं पोर्टलशी बोलणारं सहीचं साधन, जीएसटीसाठी एमसायनर. ही साधनं ब्राउझर बंद केला तरी चालू राहतात, कारण ब्राउझरने हाक मारली की त्यांना ओ द्यायची असते.

क्रम असा ठेवा. पोर्टलमधून लॉगआउट, ब्राउझर पूर्ण बंद, टोकन बाहेर, मग घड्याळाजवळच्या चिन्हावरून साधन बंद. त्यानंतर 'डिटेल्स'मध्ये पाहा. यातली काही साधनं जावावर चालतात, त्यामुळे यादीत साधनाचं नाव न दिसता नुसतं जावा दिसतं. 'कमांड लाइन'चा स्तंभ वाचून आपलं कोणतं ते ओळखा. सरसकट सगळे जावा मारू नका, एखादा दुसऱ्याच कामाचा निघतो. जुनं काढून नवीन बसवल्यावर ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून सुरू करा.

१३. मराठी टायपिंगचं साधन अपडेट करायला गेलं की प्रत्येक वेळी अडतं. सगळं बंद केलं तरी!

हा प्रश्न विशेषतः डीटीपीवाल्यांकडून येतो, आणि त्याचं कारण मला फार रंजक वाटतं. टायपिंगचं साधन हा नेहमीसारखा वेगळा प्रोग्राम नसतो. तुम्ही नोटपॅडमध्ये 'क' उमटवता तेव्हा ते काम नोटपॅडच्या पोटात शिरलेली त्या साधनाची डीएलएल करत असते. वर्ड, ब्राउझर, फाइल एक्सप्लोरर, जिथे जिथे कर्सर लुकलुकतो तिथे ती शिरलेली असते. म्हणजे एक फाइल वीस प्रोग्रामांनी धरलेली, आणि त्यातले काही विंडोजचे स्वतःचे, जे बंद करता येत नाहीत.

त्यामुळे इथे प्रोग्राम शोधत बसू नका. आधी टास्कबारवरून साधा इंग्रजी कीबोर्ड निवडा, रीस्टार्ट करा आणि मराठीत एक अक्षरही न टाइप करता इन्स्टॉलर चालवा. शेवटी त्याने रीस्टार्ट मागितला तर तो लगेच द्या. डोंगलवर (यूएसबीला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणारं सॉफ्टवेअर असेल तर डोंगलची सर्व्हिस वेगळी असते, ती प्रश्न ६ प्रमाणे थांबवा.

फाइलींच्या राइट क्लिक मेनूत स्वतःचं नाव घालणारे प्रोग्राम, उदाहरणार्थ झिप करणारे, याच पद्धतीने फाइल एक्सप्लोररमध्ये शिरतात. तिथे मात्र टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज एक्सप्लोरर'वर राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' केलं की पुरतं. टास्कबार क्षणभर गायब होतो, लगेच परत येतो.

१४. घरी एकच कंप्युटर आहे. माझ्या अकाउंटमध्ये काही चालू नाही.

मुलीच्या अकाउंटमध्ये चालू असेल. 'स्विच यूजर' केल्यावर आधीच्या माणसाचं सगळं मागे तसंच चालू राहतं. टास्क मॅनेजरच्या 'यूजर्स' पानावर दोघांची नावं दिसतील. तिला विचारून, तिचं काम सेव्ह झालंय ना ते पाहून मग 'साइन आउट' करा. अर्धा लिहिलेला प्रोजेक्ट गेला तर तो परत मिळत नाही.

१५. आमच्या दुकानात चार कंप्युटर एकाच फोल्डरमधून प्रोग्राम चालवतात. या मशीनवर सगळं बंद आहे तरी फाइल अडलेली.

मग ती उरलेल्या तिघांपैकी कोणीतरी धरली आहे, आणि ती तुमच्या टास्क मॅनेजरमध्ये दिसणार नाही. ज्या मशीनवर तो फोल्डर आहे, तिथे 'कंप्युटर मॅनेजमेंट' उघडा, 'शेअर्ड फोल्डर्स' आणि त्याखाली 'ओपन फाइल्स'. कोणत्या लॉगिनने कोणती फाइल उघडली आहे ते लिहिलेलं असतं. तिथून कनेक्शन तोडता येतं, पण तोडू नका. उठून त्या टेबलापर्यंत जा आणि बंद करायला सांगा. तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधल्या गाळ्यात हे अंतर चार पावलांचं असतं, आणि तेवढ्याने दिवसाच्या नोंदी वाचतात.

१६. अँटीव्हायरस बंद करून अपडेट करू का?

पूर्ण बंद करू नका. नवी फाइल उतरली की अँटीव्हायरस ती क्षणभर धरून तपासतो, आणि इन्स्टॉलर नेमका त्याच क्षणी तिच्यावर लिहायला गेला तर अडतो. दोन मिनिटांनी 'रिट्राय' केलं की जातं. तरीही अडत असेल तर 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'प्रोटेक्शन हिस्टरी' पाहा. 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू असेल आणि तुमच्या प्रोग्रामचा डेटा 'डॉक्युमेंट्स'मध्ये असेल, तर तिथे अडवल्याची नोंद सापडते. फक्त त्या एका प्रोग्रामला परवानगी द्या.

१७. 'अपडेट झालं' म्हणतो, पण आवृत्तीचा आकडा जुनाच.

काही प्रोग्राम फाइलींची अदलाबदल टाळायला नवी आवृत्ती शेजारी वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून ठेवतात आणि पुढच्या वेळी तिथून सुरू होतात. क्रोमही नवी आवृत्ती बाजूला तयार ठेवतं आणि ब्राउझर पुन्हा उघडल्यावर तिच्यावर जातं. म्हणजे अडलेलं काही नाही, जुना प्रोग्राम अजून बाहेर पडलेला नाही. तो प्रश्न २ प्रमाणे पूर्ण बंद करून उघडा.

१८. सेफ मोडमध्ये काहीच चालू नसतं. तिथे जाऊन अपडेट करू?

विचार चांगला आहे, पण सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त अत्यावश्यक भागांवर सुरू केल्यावर, 'विंडोज इन्स्टॉलर'ची सर्व्हिसच चालू नसते, त्यामुळे बरेच इन्स्टॉलर सुरूच होत नाहीत. त्याऐवजी 'क्लीन बूट' करा. 'सिस्टीम कॉन्फिगरेशन' उघडा, 'सर्व्हिसेस' पानावर आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर टिक करा आणि मगच 'डिसेबल ऑल' दाबा. हा क्रम उलटा झाला तर पंचाईत होते. 'स्टार्टअप'मधली ॲप्सही बंद करा, रीस्टार्ट करा, अपडेट करा, मग सगळं पूर्ववत करा. सुरू करण्याआधी पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे कोणती सर्व्हिस आधीपासून बंद होती ते लक्षात राहतं.

१९. मॅकवर किंवा लिनक्सवरही असंच होतं का?

कमी. तिथे उघडी असलेली फाइलसुद्धा बाजूला सारून नवी ठेवता येते, पण चालू प्रोग्राम जुन्याच फाइलीवर चालत राहतो. मॅकवर लाल गोळा म्हणजे बंद नव्हे, कमांड आणि क्यू दाबा. तरी 'वापरात आहे' म्हणत असेल तर 'ॲक्टिव्हिटी मॉनिटर'मध्ये शोधा. २०२२ च्या व्हेंचुरापासून 'लॉगिन आयटम्स'मध्ये पडद्याआड चालणाऱ्यांची यादीही मिळते.

उबुंटूवर 'लॉक मिळत नाही' असं आलं तर मागे आपोआप अपडेट चालू आहे. थांबा. ती लॉक फाइल पुसायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

२०. फाइल धरणारा प्रोग्राम ओळखीचाच नाही. व्हायरस असेल का?

लगेच तसं समजू नका, पण तपासा. 'डिटेल्स'मध्ये त्याच्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन', मग फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स'. ओळखीच्या कंपनीची सही आणि 'प्रोग्राम फाइल्स'मधली जागा असेल तर बहुधा ठीक. विंडोजच्या प्रोसेससारखं नाव आणि जागा मात्र 'टेंप' फोल्डरची, असं असेल तर पूर्ण स्कॅन करा.

एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. दूरून कंप्युटर चालवायचा प्रोग्राम तिथे सापडला, आणि अलीकडे कुणी "बँकेतून बोलतोय" किंवा "रिफंड द्यायचाय" म्हणून तो बसवायला लावला असेल, तर अपडेट वगैरे सोडून द्या. इंटरनेट काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. लाजू नका. माझ्या ओळखीतली शिकलेली, सावध माणसं यात फसली आहेत, आणि ज्यांनी तासाभरात फोन केला त्यांना त्याचा उपयोग झाला आहे.

२१. आज २० तारीख, दुपारचे तीन वाजलेत, जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचंय आणि सॉफ्टवेअर अपडेट मागतंय. करू का?

'नंतर' हे बटण असेल तर ते दाबा आणि रिटर्न भरा. अपडेटशिवाय पुढेच जात नसेल तर आधी डेटाची प्रत पेनड्राइव्हवर काढा, 'रीस्टार्ट' करा, ब्राउझर किंवा मेसेजिंग काहीही न उघडता अपडेट चालवा. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा यूपीएसशिवाय सुरू करू नका. अडलं तर मशीनवर झटापट न करता दुसरं मशीन गाठा. रिटर्न पोर्टलवर भरायचं असतं, आकडे हाताशी असले की ते कुठूनही भरता येतं. मालकीच्या धंद्याला ओटीपीवर सही चालते. कंपनी किंवा एलएलपी असेल तर टोकन सोबत न्या, आणि त्या मशीनवर टोकनचा ड्रायव्हर आहे ना ते निघण्याआधी फोन करून विचारा. तिमाही भरणाऱ्यांना महाराष्ट्रात २२ पर्यंत मुदत असते, त्यांनी अपडेट आज संध्याकाळी निवांत करावं. बाकीच्यांनी २१ ला सकाळी, ऑफिस उघडल्या उघडल्या.